उजवीकडची पट्टी

डावरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. डाव्या हाताने काम करतात म्हणून बाजारात कोणीतरी कधीतरी ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता पोस्टमनसुद्धा ‘डावरे, रेडिओवाले’ एवढ्या पत्त्यावर पत्र बिनचूक आणून टाकतो. वय साठीला टेकलेलं. दुकान दहा बाय बाराचं, त्यात भिंतीला लागून एक लांब टेबल आणि टेबलाशी शेजारी शेजारी दोन स्टुलं. त्यातल्या एका स्टुलावर गेली बावीस वर्षं जुन्या ट्रान्सफॉर्मरचा ढीग पडलेला आहे.

माणूस गुणी, पण हाताला म्हणून चैन नाही. न्हाव्याकडे दाढीला बसले की आरशाचा ढिला स्क्रू पिळून ठेवतील. बँकेच्या रांगेत उभे राहिले की काउंटरवरचं रुसलेलं पेन उघडून चालू करतील. दुसऱ्याचं अर्धवट काम समोर दिसलं की यांचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. बायको अर्धा कांदा चिरून दाराशी कोण आलं ते बघायला जायची आणि परत यायची तो कांदा चिरून तयार. विचारलं तर म्हणायचे, "तूच चिरलास की." गंमत म्हणजे ते खोटं बोलत नसत. हातांनी काम उरकलेलं असायचं आणि डोक्याला त्याची खबरच नसायची.

तर एका सोमवारी दुपारी एक बाई भाजीच्या ट्रॉलीत काहीतरी जड घालून ओढत दुकानाशी आली. वर जुनी चादर बांधलेली होती. तिने गाठी सोडल्या, चादर बाजूला केली आणि डावऱ्यांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. लाकडी पेटी, स्टीलची दर्शनी पाटी, पाच बटणं, त्यातल्या मधल्याचा टवका उडालेला. हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी हजारांतून ओळखला असता.

"मागे तुमच्या दुकानाचं लेबल आहे, म्हणून शोधत आले," बाई म्हणाली. "माझे वडील नाट्यगृहाचे मॅनेजर होते. दोन महिन्यांपूर्वी गेले. माळा रिकामा करताना हा सापडला. त्यांच्या रेकॉर्डी आहेत घरी, त्या ह्याच्यावरच ऐकाव्यात असं मनात आलं."

"मध्ये कोणी उघडला होता का?" डावऱ्यांनी आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं.

"छे हो. आई एकदा भंगारात देते म्हणाली, तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं. याला कोणी हात लावायचा नाही, म्हणायचे. का, ते काही कधी सांगितलं नाही."

का, ते डावऱ्यांना चांगलं माहीत होतं. एरवी कोणी नुसतं नाट्यगृहाचं नाव काढलं तरी ते स्टूल पुढे सरकवून गोष्ट सुरू करत. आज बाईच्या समोर त्यांनी नुसती पावती फाडली आणि शनिवारी या म्हणाले.

गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी दुकान वडिलांचं होतं आणि टेबलाशी दोन भाऊ बसायचे. थोरला डावखुरा, धाकटा उजव्या हाताचा. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन पट्ट्या असतात, म्हणजे सुटे भाग लावलेल्या दोन पाट्या: एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्या. आरशात बघावं तशा एकमेकींच्या उलट. पेटी दोघांच्या मधोमध ठेवायची, डावी पट्टी थोरल्याची, उजवी धाकट्याची, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. ही वाटणी इतकी मुरलेली की दुसऱ्याच्या पट्टीवर काय छापलंय हे दोघांनाही कधी बघावं लागलं नव्हतं.

नाट्यगृहाचा अ‍ॅम्प्लिफायर आला होता कंडेन्सर बदलायला. हल्ली लोक कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सरच म्हणतात: वीज साठवणारं बोटाएवढं नळकांडं. वय झालं की ते आतून सुकतं आणि आवाज फाटायला लागतो. त्याला एक अधिकचं टोक असतं आणि एक उण्याचं. उलटं लावलं तर ते थोडा वेळ सोसतं, मग तापतं, फुगतं आणि फुटतं.

त्या संध्याकाळी नाटक सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती, आणि उजवीकडचा स्पीकर बैलासारखा डुरकला. पेटीतून धूर निघाला, प्रेक्षकांची पळापळ झाली, कोणाचा तरी पाय मुरगळला, नटमंडळी तोंड रंगवलेल्या अवस्थेत रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर रिकाम्या हातांनी दुकानात आला आणि भर बाजारात वडिलांना नाही नाही ते बोलला. पेटी पुन्हा तुमच्या हातात देणार नाही म्हणाला, आणि शब्दाला जागला. तो गेल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "कोणाकडून झालं?"

"उजवी बाजू उडाली," थोरला म्हणाला. "उजवी बाजू धाकट्याची."

कुठल्याही यंत्राबद्दल उघडून बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा वडिलांचा दंडक. सख्ख्या भावाच्या बाबतीत थोरल्याने तो खुशाल गुंडाळून ठेवला. वर कोणी न विचारता हेही सांगितलं की याच्या शेजारी बसून यापुढे मी काम करणार नाही. धाकटा एका शब्दाने उलटून बोलला नाही. आठ दिवसांनी आपलं सोल्डरिंगचं आयर्न टेबलावर ठेवून निघून गेला. वडील वारले तेव्हा दोघे भाऊ दिवसभर एकाच खोलीत होते, आणि दोघांनीही भिंतीकडे बघण्यात दिवस काढला.

जावांचं मात्र बरं चाललं होतं. दर मंगळवारी दोघींचा फोन व्हायचा, डावऱ्यांची बायको दार लोटून घेऊन बोलायची आणि डावरे ऐकत नसल्याचं सोंग करायचे. त्यातून त्यांना कळलं होतं की धाकटा नदीपलीकडे एका पडद्यांच्या दुकानात आहे, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेतो, आणि एकेक खिडकी तीन-तीनदा मोजतो. हे ऐकून डावरे मनातल्या मनात म्हणाले होते, तेव्हा एकदा नीट बघितलं असतं तर आज ही वेळ आली नसती. असं म्हणताना त्यांना बरंही वाटलं होतं.

बाई गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, पेटी टेबलावर घेतली आणि स्क्रू काढायला बसले. उत्साह होता, हे कबूल करायला हवं. बावीस वर्षं नुसत्या तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा आता डोळ्यांनी दिसणार होता.

झाकण निघालं. जळक्या मेणासारखा वास आला. डावी पट्टी धुळीखाली शाबूत होती. उजवी काळीठिक्कर. स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवरचा मोठा कंडेन्सर पोट फुटून पडला होता, आतला कागद बाहेर आलेला. डावऱ्यांनी दिवा खाली ओढला. कंडेन्सरचं अधिकचं टोक पट्टीवर छापलेल्या अधिकच्या खुणेशी होतं. छापलं होतं तसंच, अगदी बरोबर.

"मग फुटला कसा?" डावरे स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि काजळी पुसली. छापील अधिकच्या खुणेवर पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारलेली दिसली. फुलीची एक रेघ लांब, एक आखूड. ही फुली धाकट्याची. शाळेच्या वहीतली चुकलेली गणितं तो अशीच खोडायचा. डावऱ्यांनी मीटर काढला आणि पट्टीवरची तांब्याची वाट टोकापासून टोकापर्यंत मोजली. मग पुन्हा मोजली. मग डाव्या पट्टीवरची तीच वाट मोजून बघितली. घोळ कारखान्याचा होता. डावीची उलटी करून उजवी पट्टी छापताना एवढी एक खूण उलटवायची राहून गेली होती. छाप खोटा होता, धाकट्याला ते ठाऊक होतं आणि त्याने त्यावर फुली मारून ठेवली होती. उजव्या पट्ट्या त्याच्याच हाताखालून जायच्या, त्याला ठाऊक असणारच.

मग त्याने छापाप्रमाणे लावला कशाला?

उत्तर समोरच होतं, फक्त डावरे तिकडे बघायचं टाळत होते. कंडेन्सरचे पाय पट्टीवरच्या खुंट्यांना दीड वेढा देऊन मग सोल्डर करायचे, ही त्यांच्या दुकानाची रीत. उजव्या हाताने पकड धरली की वेढा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बसतो. डाव्या हाताने धरली की उलट. सहीसारखीच गोष्ट आहे ही, बदलू म्हटलं तरी बदलत नाही. उजव्या पट्टीवरचे बाकीचे सगळे वेढे काट्यांच्या दिशेने होते. या एकाचे दोन्ही वेढे उलटे होते.

डावरे उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आणि उभ्या उभ्या त्यांना ती दुपार आठवली. धाकटा वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आणायला गेला होता. नाट्यगृहाचा माणूस दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता, आटपा हो, आटपा. उजव्या पट्टीवर एक जागा रिकामी होती आणि शेजारी कंडेन्सर पडलेला. पुढचं काही आठवत नव्हतं. पण आठवायची गरज काय होती? कांदा समोर होता आणि तो चिरला गेला होता.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. कटरचे दोन घाव घातले असते, जळका कंडेन्सर कचऱ्याच्या डब्यात टाकला असता, तर जगात कोणाला कळणार होतं? डावऱ्यांच्या मनात ते आलं आणि आल्याची त्यांना इतकी शरम वाटली की कंडेन्सर कापून, कागदात गुंडाळून, त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला. खुंट्यांवरच्या वेढ्यांसकट कापला. उद्या सकाळीच जायचं आणि सांगायचं, असं ठरलं.

मंगळवारी सकाळी बायकोने दाराशी डबा देताना विचारलं, "कोणाचा आलाय म्हणे जुना अ‍ॅम्प्लिफायर? शेजारचा शिंपी सांगत होता, दुपारभर दार लावून बसला होतात."

"आहे एक," डावरे म्हणाले.

"मग गोष्ट नाही सांगितलीत त्याला?"

ती चेष्टेने म्हणाली होती. डावरे डबा घेऊन चालायला लागले. बसचा थांबा डावीकडे, दुकान उजवीकडे. पाय दुकानाकडे वळले. आधी हे काम तरी पुरं करू, अर्धवट टाकून कसं जायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शिवाय धाकटा आज कामावर असणार. त्याला सुट्टी शुक्रवारी. आणि असलं काही फोनवर सांगतात का?

मग त्यांनी कामाला असं जुंपून घेतलं की बघणाऱ्याला वाटावं, उद्या परीक्षा आहे. अकरा कंडेन्सर बदलले. एक काढायचा, एक लावायचा, दुसऱ्याला हात लावायच्या आधी पहिला मीटरने तपासायचा. उजव्या पट्टीवरच्या त्या जागेशी आल्यावर ते दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग फुलीवर भरवसा ठेवून, छापाच्या उलट, नवा कंडेन्सर लावला. जळालेले दोन ट्रान्झिस्टर बदलले. खिशातला कागद वाकलं की छातीला टोचायचा. त्यांनी तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, पाच मिनिटांनी ड्रॉवर उघडून पुन्हा खिशात घातला. दिवसभरात हे चार वेळा झालं. दुपारचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी घरी फोन चालू होता. लोटलेल्या दारामागून बायको जावेला विचारत होती, "भावोजींचं कसं आहे?" डावरे बाहेर येरझारा घालत होते. दार ढकलून फोन हातात घ्यायला तीन पावलं पुरली असती. ते चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेले, काहीच न घेता परत आले, आणि आले तोवर फोन संपला होता. "काय झालंय तुम्हाला?" बायकोने विचारलं. "पित्त," म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी पेटीला वीज दिली. थेट नाही द्यायची, वाटेत एक बल्ब जोडायचा. आत काही गडबड असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि पेटी वाचते. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. जीव भांड्यात पडला. पण स्पीकर जोडले तर उजवीकडून घुरघुर. एकसुरी, खर्जातली, घशात अडकल्यासारखी घुरघुर. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तेवढीच. म्हणजे दोष बटणाच्या पुढे कुठेतरी. डावऱ्यांनी वीजपुरवठ्याचे कंडेन्सर पुन्हा तपासले. ते ठणठणीत. ट्रान्सफॉर्मर हलवून बघितला. वायर एकमेकींपासून लांब केल्या. नव्या सोल्डरचे सगळे सांधे पुन्हा तापवले. घुरघुर काही हलेना. ती आता त्यांच्या डोक्यात शिरली होती. एकदा त्यांनी वीज बंद केली तरी ती ऐकू येत होती, मग लक्षात आलं की रस्त्यावर टेम्पो उभा आहे.

दोन वाजता त्यांनी हात टेकले आणि टेकलेला हात चुकून उजव्या पट्टीच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर पडला. घुरघुर थांबली. हात उचलला, सुरू झाली. पुन्हा ठेवला, थांबली. पट्टी पेटीच्या पत्र्याला जोडणारा तो स्क्रू, त्याच्याखाली गंज चढला होता, आणि अर्थिंगची वाट तिथे तुटली होती. एवढंच. डावऱ्यांनी स्क्रू काढला, गंज खरवडला, पत्रा घासून चकचकीत केला, स्क्रू घट्ट बसवला. दोन्ही स्पीकर असे शांत झाले की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

शेल्फावरची एक जुनी रेकॉर्ड त्यांनी चाचणीला लावली. कोणीतरी सतार वाजवत होतं. आधी दोन मिनिटं ते तपासणाऱ्याच्या कानाने ऐकत होते, डावीकडे जाऊन, उजवीकडे जाऊन. मग स्टुलावर बसले. तारेवरून बोट सरकल्याचं ऐकू येत होतं. काय गोड वाजत होता तो अ‍ॅम्प्लिफायर. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागली. डबा उघडून त्यांनी सगळा संपवला, रेकॉर्ड उलटली, दुसरी बाजू ऐकली, मग पहिली पुन्हा. शिंप्याने आत डोकावून मान डोलावली, तर यांनी त्याला बसायला सांगितलं. पाच वाजेपर्यंत खिशातल्या कागदाची आठवणसुद्धा त्यांना नव्हती.

ती आली घरी जाताना, आणि व्याजासकट आली. गुरुवार असा गेला की त्याबद्दल न बोललेलं बरं. काम संपलं होतं, सबब संपली होती. मालकिणीला निरोप गेला होता. डावऱ्यांनी दिवसभर दुकानातले सगळे स्क्रू आकाराप्रमाणे लावले, संध्याकाळी ते सगळे पुन्हा एका डब्यात ओतले, आणि शुक्रवारी पहाटेच उठून दाढी केली.

"धाकट्याकडे जाऊन येतो," ते बायकोला म्हणाले.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मी येऊ का?"

"नको."

बसमध्ये त्यांनी भांडणाची तयारी केली. धाकटा ओरडेल. दार तोंडावर आपटेल. म्हणेल, भर बाजारात माझं नाक कापलंस. म्हणू दे. मान खाली घालून ऐकून घ्यायचं, पायावर डोकं ठेवायची वेळ आली तर तेही करायचं. थोरलेपण वगैरे घरी ठेवून निघालो आहोत, असं ते स्वतःला बजावत होते.

तिसऱ्या मजल्यावर धाकट्याचं दार. घंटेच्या जागी नुसत्या दोन वायर लोंबत होत्या. डावऱ्यांनी कडी वाजवली. दार धाकट्याने उघडलं. केस निम्मे पिकलेले, चष्मा आलेला, खांद्यावर टेप.

"दादा," धाकटा म्हणाला, आणि बाजूला झाला. "ये. वहिनी बरी आहे ना?"

ओरडणं नाही, काही नाही. आतून त्याची बायको पदराला हात पुसत आली, "भाऊजी, बसा की," म्हणाली, आणि पाणी ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डावरे बसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि जळका कंडेन्सर टेबलावर ठेवला.

"नाट्यगृहाचा आहे," ते म्हणाले. "मॅनेजर गेला. त्याच्या मुलीने अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. कोणी उघडलेलाच नव्हता. वेढे बघ."

धाकट्याने तो लगेच उचलला नाही. आधी टेप काढून ठेवली, चष्मा पुसला. मग कंडेन्सर उजेडाकडे धरला, एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने. बराच वेळ बघत राहिला.

"डाव्या हाताचे आहेत," तो म्हणाला.

"माझे आहेत. तू बाबांना आणायला गेला होतास. एक जागा राहिली होती. मी लावला, छापाप्रमाणे. मला त्या छापाचं माहीत नव्हतं. आणि लावल्याचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. चूक माझी होती, ती मी तुझ्या माथी मारली. न उघडता, न बघता. आता तुला काय बोलायचं ते बोल."

धाकटा खुर्चीवर बसला. "मी तुला विचारलं होतं," तो सावकाश म्हणाला. "आठवतं? मॅनेजर येऊन गेला त्या दिवशी. मी विचारलं, दादा, शेवटचा कंडेन्सर मी लावला होता का रे? मला काही केल्या लावल्याचं आठवत नव्हतं. तू म्हणालास, तूच लावला होतास की."

डावऱ्यांना ते आठवत नव्हतं. पण आपण तसंच म्हणालो असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"मग भांडला का नाहीस माझ्याशी?"

"कशावरून भांडणार? मला तुझं खरं वाटलं." धाकट्याने कंडेन्सर टेबलावर ठेवला. "मी म्हटलं, जो माणूस छाप खोटा आहे हे माहीत असून उलटा लावतो, आणि लावल्याचं ज्याला आठवतसुद्धा नाही, त्याने पुन्हा आयर्न धरू नये. उद्या कोणाच्या जिवावर बेतेल. खूण तरी केली होती की नाही, तेही आठवेना."

"केली होतीस. फुली होती. काजळीखाली होती, मी पुसून बघितली."

"होती?"

"होती."

चौकटीतून त्याची बायको म्हणाली, "फ्यूज गेला तरी बाहेरून माणूस बोलावतो आम्ही, भाऊजी. घंटा वर्षभर तशीच लोंबतेय. मी म्हणते, तुम्ही रेडिओवाल्यांच्या घरचे ना? तर म्हणतात, माझ्या हातून नको." ती रडत नव्हती, नुसती सांगत होती, आणि तेच डावऱ्यांना जास्त लागलं. भाऊ बावीस वर्षं आपल्यावर रागावून बसला आहे, या समजुतीवर ते आजवर जगत आले होते. रागाला उत्तर देता येतं. याला काय उत्तर देणार?

धाकटा मात्र हसला. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा, मग खरोखरच. "म्हणजे फुली होती," तो पुन्हा म्हणाला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "बरोबर होतं म्हणजे सगळं." त्याची बायकोही हसली आणि चहा टाकते म्हणाली. डावऱ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. ते टेकून बसले. निभावलं, असं त्यांना वाटलं. मग भावाला सांगू लागले, छाप कसा मोजला, ट्रान्झिस्टर कुठले घातले, घुरघुर कशी दोन वाजता स्क्रूखाली सापडली. धाकटा कान देऊन ऐकत होता. मध्येच म्हणाला, "गंज ना? त्या मॉडेलला तो आजार होताच."

मग त्याने विचारलं, "दुपारी दोनला सापडली? कधी?"

"बुधवारी."

"आणि पेटी उघडलीस कधी?"

सांगता आलं असतं, उघडली आधी, पण वेढे कालच नजरेला पडले. स्वतःची बायकोसुद्धा साक्षीला नव्हती. डावऱ्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सोमवारी."

"सोमवारी कळलं तुला."

"तुला सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून म्हटलं..." डावऱ्यांचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवेना, ते त्यांनी तिथेच सोडलं.

धाकट्याचं हसू गेलं होतं. तो मोठ्याने बोलला नाही. "बुधवारी मी एका बाईंकडे मापं घ्यायला गेलो होतो. पाच खिडक्या. पाचही तीन-तीनदा मोजल्या. त्या म्हणाल्या, अहो, एवढं काय घाबरता, पडदेच आहेत. मी म्हटलं, बाई, माझ्या हातावर माझा भरवसा नाही. एका परक्या बाईला मी हे सांगितलं, दादा. बुधवारी दुपारी. बावीस वर्षांचं मी तुला काही विचारत नाही. तुला माहीत नव्हतं. पण बुधवारी तुला माहीत होतं."

आत चहाचं आधण उकळत होतं. त्याची बायको गॅस बंद करून तिथेच उभी राहिली.

"काय करत होतास तू बुधवारी दुपारी?" धाकट्याने विचारलं.

डावऱ्यांनी भावाकडे बघितलं. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता.

"सतार ऐकत होतो," ते म्हणाले.